फिरंगिणीच्या नळीवरचं साल

मुलांनो, वाचता वाचता एक काम करा. उजवा तळहात पुढे धरा आणि त्यावर एक जड वस्तू ठेवली आहे असं समजा. सोललेल्या नारळापेक्षा थोडी जड. एका टोकाला लोखंडाची नळी, तुमच्या वितीहून जरा लांब. दुसऱ्या टोकाला खाली वाकलेला लाकडी दस्ता. आणि मधे, मान वाकवून चोच मारायला बसलेल्या पाखरासारखा एक लोखंडी घोडा. सगळ्यावर काळपट तपकिरी थर, कढईला गूळ धरतो तसा. आता वस्तू नाकाजवळ न्या. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा उग्र वास येतो आहे. आला? मग तुम्ही आत्ता महादूआजांच्या घरात उभे आहात.

हे घर तारापूरजवळ खाडीकाठी होतं. साल १९८३. घरात महादूआजा, त्यांचा मुलगा दामू, सून जमना आणि नात हंसा. हंसा सहावीत होती. दामू बोट घेऊन समुद्रात गेला की आठ-आठ दिवस यायचा नाही. जमना मासळीची पाटी घेऊन बोईसरकडे सालवडला जायची आणि दारोदार मासळी विकायची. घरी आजा आणि हंसा.

तुमच्या हातातली वस्तू म्हणजे एक जुनं पिस्तूल. घरातले त्याला पिस्तूल म्हणत नसत. ते तिला फिरंगीण म्हणत. ती वर्षभर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात लाल फडक्यात असे आणि खंडेनवमीला बाहेर येई. त्या दिवशी वल्ही, जाळी, बोटीचं इंजिन, कोयते, सगळ्यांची पूजा व्हायची, तशी तिचीही. पूजेआधी आजा तिला मुशीचं तेल चोपडायचे, बोटीला चोपडतात तसंच. फरक एवढाच की बोट आधी खरवडून घेतात आणि मग तेल लावतात. फिरंगिणीला कोण खरवडणार? देव कुणी खरवडतं का? त्यामुळे आजांच्या आजापासूनचं तेल तिच्या अंगावर थरावर थर बसून वाळलेलं होतं.

पूजा झाली की पाड्यावरची मुलं ओटीवर गोळा होत आणि आजा गोष्ट सांगत. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला तेव्हा त्यांच्या पणज्याचा पणजा वाटाड्या म्हणून गेला होता. किल्ल्यात एक फिरंगी कप्तान त्याच्यावर धावून आला, तर त्यानं कप्तानाच्या कमरेचीच ही ओढून घेतली. गोष्टीत इथे आल्यावर आजा स्वतःच्या कमरेला हात घालून दाखवत. दर वर्षी मुलं त्याच ठिकाणी ओरडत आणि दर वर्षी आजांना ते नवंच वाटे.

त्या वर्षी चौकीवर नवे जमादार आले होते. प्रसादाला बोलावलं म्हणून ते आले, आणि त्यांची नजर फिरंगिणीवर गेली. माणूस भला होता. त्यांनी आधी हात जोडले, प्रसाद खाल्ला, आणि मग आजांना बाजूला घेऊन सांगितलं की परवाना नसलेलं हत्यार घरात ठेवता येत नाही. फार जुनं असेल, उडत नसेल, तर गोष्ट वेगळी. पण ते पालघरच्या कचेरीतले साहेब ठरवणार. हत्यार कुठल्या देशाचं, कुणी बनवलेलं, किती जुनं आणि उडतं की नाही, एवढं एका कागदावर नीट लिहून पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी तिकडे न्यायचं. कागद पटला तर साहेब शिक्का मारून वस्तू परत देतील. नाही पटला तर ती जमा होईल.

आजा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पाड्यावर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, मुलांनो. बोट दामूच्या हातात गेली होती, डोळे अधू झाले होते. वर्षातला तो एक दिवस सगळे त्यांच्या ओटीवर यायचे, ते फिरंगिणीमुळे.

जमनाला मार्ग सुचला. सालवडला तिचं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं, मारुती मिस्त्री. बोईसरच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे सुटे भाग घडवायचे. दामूच्या इंजिनाचा दांडा त्यांनीच बनवून दिला होता. त्याआधी पुण्याकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली होती. जमना त्यांना म्हणाली, "मिस्त्री, ताजं हाय का म्हणून माझ्या पापलेटाचे कान उचलून उचलून बघता, आता येक दिवस आमची फिरंगीण बघायला या."

मिस्त्री सुट्टीच्या दिवशी सायकलवरून आले. त्यांनी चहा घेतला, किल्ल्याची गोष्ट पूर्ण ऐकली, आणि मगच लाल फडकं उघडलं. पण पिस्तूल हातात घेतल्या घेतल्या त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. जमनाकडून खराट्याची एक काडी मागितली आणि ती नळीत शेवटपर्यंत घातली. काडी आत अडली तेव्हा ती नळीच्या तोंडाशी चिमटीत पकडली, बाहेर काढली आणि नळीच्या बाहेरून लावून पाहिली. काडी नळीच्या बुडाशी पोचत होती. म्हणजे आत काही भरलेलं नव्हतं. "जुनं हत्यार दिसलं की पहिलं हे," ते हंसाला म्हणाले, "आणि तेसुद्धा ज्याला कळतं त्यानंच. तुला कुठे सापडलं तर हात न लावता मोठ्या माणसाला हाक मारायची." मीही तुम्हाला तेच सांगतो.

मग आजांना कुणीतरी मासळीच्या वाळवणीकडे बोलावून नेलं, आणि ओटीवर मिस्त्री, हंसा आणि जमना उरले.

हंसानं विचारलं की फिरंगीण किती वर्षांची. मिस्त्री म्हणाले की असं एकदम विचारलं तर ती सांगणार नाही. एकेका भागाला वेगळं विचारायचं. दस्त्याला विचारू. दस्ता एका जागी फुटलेला होता आणि तिथे तांब्याचा चौकोनी खिळा मारला होता, बोटीच्या फळ्यांना मारतात तसा. म्हणजे ही डागडुजी इथल्याच कुणाची. खिळ्यावरून पिस्तुलाचं वय कळणार नाही, फक्त कुणीतरी ते जिवापाड जपलं एवढं कळतं.

"आता घोड्याला विचार," मिस्त्री म्हणाले. "दिवाळीत टिकल्या उडवतेस ना?"

"उडवते."

"पिस्तुलाचा घोडा कशावर पडतो?"

"टिकलीवर."

"मग हा कशावर पडेल ते बघ."

हंसानं वाकून पाहिलं. घोड्याच्या चोचीखाली एक बारीक लोखंडी बोंड होतं, गंजानं माखलेलं, मधोमध भोक. मिस्त्रींनी समजावलं की या बोंडावर दारूची एक इवलीशी तांब्याची टोपी बसवत. घोडा पडला की टोपी पेटे आणि ठिणगी भोकातून नळीत जाई. म्हणजे तुझी टिकलीच. त्याच्याआधीच्या हत्यारांत असं नव्हतं. घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा असे, तो पोलादावर घासून ठिणगी पडे. फिरंगिणीच्या बोंडाचं भोक तर गंजानं बुजलं होतं, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटली होती. उडण्याचा प्रश्नच नव्हता.

हंसानं विचारलं की टोप्या कधी आल्या. मिस्त्री म्हणाले, साधारण दीडशे-एकशेसाठ वर्षांमागे.

हंसाला शाळेतला धडा आठवला. इतिहासाच्या पुस्तकात तारापूरचा किल्ला पडला ते साल होतं, १७३९. तिनं मनात वजाबाकी केली. दोनशे चव्वेचाळीस.

"मंग ती किल्ल्यातली नाय?"

मिस्त्रींनी मान हलवली. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, ते म्हणाले. गारगोटीची जुनी हत्यारं लोकांनी पुढे टोपीवर आणली, फक्त हा भाग बदलून. नळी जुनी असू शकते. तिला विचारल्याशिवाय काही लिहायचं नाही. आणि लिहायचं ते खरंच. साहेब हत्यारांतले जाणते आहेत असं ऐकलं आहे, हे बोंड ते पहिल्या नजरेत ओळखतील.

नळीच्या पाठीवर, तेलाच्या थराखाली, काहीतरी खडबडीत लागत होतं. मिस्त्रींनी हंसाचं बोट धरून तिथून फिरवलं. खाली अक्षरं असावीत. ती उघडी करायचं काम त्यांनी हंसावर सोपवलं. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी थरावर ठेवायची, तासभर थांबायचं, मग बांबूच्या कामटीनं हळूच सोडवायचं. कानस नाही, सुरी नाही, वाळू नाही. कंटाळा आला की हात थांबवायचा.

आजा परतल्यावर मिस्त्रींनी त्यांची परवानगी घेतली. आजांनी फिरंगीण एकदा कपाळाला लावली. मग म्हणाले की घरातून जाण्यापरीस खरवडलेली बरी.

सोमवारपासून शाळा सुटली की हंसा ओटीवर बसायची. पहिल्या दिवशी नखाएवढा भाग निघाला आणि त्यात काहीच नव्हतं, नुसतं लोखंड. दुसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला. आई घरी नाही असं बघून तिनं खवलं काढायची सुरी घेतली आणि थरावर एकदा जोरात ओढली. चांदीच्या तारेचा एक तुकडा, तांदळाच्या कणीएवढा, उडून मांडीवर पडला. तेव्हा तिला कळलं की अक्षरं नुसती कोरलेली नव्हती, कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवलेली होती. तिनं सुरी ठेवून दिली, तुकडा कागदात बांधला आणि रडली. पण रडून झाल्यावर चिंधी पुन्हा भिजवली.

बुधवारपर्यंत तीन शब्द निघाले. पाचवीपासून इंग्रजी असल्यामुळे तिला मोठी इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. लासार्ते. पुढे आणखी एक छोटा शब्द, आणि मग एबार. त्यांचा तिला काहीच अर्थ लागेना.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री आले. आधी तिनं त्यांना कागदातला तुकडा दाखवला आणि सुरीचं सांगितलं. ते रागावले नाहीत. कुठल्या अक्षराचा तुकडा आहे तेवढं लिहून ठेव म्हणाले. मग त्यांनी नळी उजेडात धरली, आणि एबार हा शब्द दिसताच ते हसायला लागले.

"अगं, या गावच्या यंत्रावर मी रोज आठ तास उभा असतो."

त्यांच्या कारखान्यात एक जुना लेथ होता, परदेशातून वापरून झाल्यावर आणलेला. त्याच्या अंगावर पितळी पाटी होती, आणि पाटीवर गावाचं नाव एबार, देश स्पेन. तिथे पूर्वी बंदुका घडवत, पुढे शिवणयंत्रं, सायकली आणि लेथ घडवू लागले, हे त्यांना कारखान्यातल्या जुन्या इंजिनिअरनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, नाण्याचा छाप तुम्ही घेता तसा, आणि तो कागद जमनाच्या मासळीच्या पाटीतून पाठवून दिला.

हंसानं तो छाप ओटीवर पसरला. त्यावर गावाचं नाव होतं, देशाचं होतं, आणि खाली तीन अक्षरांचा एक शब्द होता, मधल्या अक्षराच्या डोक्यावर लाटेसारखी रेघ. त्याच्यापुढे आकडा, १९६२. नळीवरही एबारच्या पुढे तोच तीन अक्षरी शब्द नुकताच निघाला होता, तीच लाट डोक्यावर घेऊन. यंत्राच्या पाटीवर १९६२ च्या आधी काय लिहिलेलं असेल? साल, दुसरं काय. म्हणजे नळीवरही पुढे साल होतं.

ते अजून थराखाली होतं. हंसानं चिंधी ठेवली आणि वाट पाहिली. तिला मनातून काय हवं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एक, आणि त्याच्यापुढे सात.

एक निघाला. दुसऱ्या आकड्याचं आधी डोकं दिसलं. सातचं डोकं सपाट असतं, आणि हे वाटोळं होतं. तिनं कामटी खाली ठेवली. आईनं आतून विचारलं की काय झालं, तर ती काही नाही म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं उरलेलं काढलं. चार. सहा. १८४६. किल्ला पडल्यावर एकशे सात वर्षांनी, समुद्रापलीकडच्या एका गावात लासार्ते नावाच्या कारागिरानं ही नळी घडवली होती.

रात्री तिनं आईला सांगितलं. जमना म्हणाली, "वाचलंस तू, तर आजाला सांगायचं पण तूच."

शनिवारी आजांनी कागद लिहायला तिला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. फिरंगी कप्तानाची, तारापूरच्या किल्ल्यातली. हंसानं पेन उघडलं नाही.

"आजा, नळीवर साल हाय. अठराशे शेचाळीस."

आजांनी विचारलं, "मंग?" तिनं वजाबाकी सांगितली. आजांना वजाबाकी नको होती. ते म्हणाले, "म्हंजे माझा बा खोटा? त्याचा बा खोटा?" आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग त्यांनी टोपी घातली आणि किनाऱ्यावर निघून गेले. रविवारी दिवसभर ते हंसाशी बोलले नाहीत. तिनं कागद एकटीनं लिहिला. देश स्पेन, गाव एबार, कारागीर लासार्ते, साल १८४६, टोपीचं हत्यार, बोंडाचं भोक बुजलेलं, कमान तुटलेली, उडत नाही. किल्ल्याबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी मिस्त्री आले आणि त्यांनी खाली सही केली.

सोमवारी आजा, हंसा आणि जमादार एस.टी.नं निघाले. बोईसरला मिस्त्री चढले. पालघरपर्यंत आजा खिडकीबाहेर बघत होते. मांडीवर लाल फडक्यातली फिरंगीण.

साहेब पन्नाशीचे होते. त्यांनी चष्मा चढवला, पिस्तूल उलटसुलट केलं, बोंडावर बोट ठेवलं, नळीवरचं साल वाचलं, आणि मग कागद वाचला. कागद चांगला आहे म्हणाले. शिक्का उचलता उचलता त्यांनी सहज विचारलं, "बाबा, ही तुमच्याकडे आली कशी?"

आजा उठून उभे राहिले. त्यांनी गोष्ट सांगितली. पणज्याचा पणजा, किल्ला, कप्तान. कमरेला हात घालून दाखवला. कचेरीतले कारकून लिहायचे थांबले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिक्का खाली ठेवला.

ते म्हणाले की हे आणि कागद जुळत नाही. या कागदावर शिक्का मारायचा तर तो खरा असायला हवा. कागद खरा की बाबा खरे, हे ठरत नसेल तर वस्तू इथे ठेवून जिल्ह्याच्या गावी, ठाण्याला, पाठवावी लागेल, तिथले तज्ज्ञ बघतील. परत कधी येईल ते सांगता येत नाही. मिस्त्री बोलायला लागले, पण साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि हंसाकडे वळले.

"वाचलंस तू ना? मग तूच सांग. कोण खरं?"

आजा तिच्याकडे बघत नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

कागद खरा होता, नळीवरचं साल हंसानं स्वतःच्या बोटांनी उघडं केलं होतं. पण आजाही खोटं बोलत नव्हता. त्यानं जे ऐकलं होतं तेच तो सांगत होता, त्यात एक शब्द कमीजास्त न करता, इतकी वर्षं.

"साहेब, कागद जरा द्या," ती म्हणाली. "ह्यात आमी बघितलं तेवढंच लिवलंय. ऐकलेलं लिवायचं राहिलं. ते खाली वेगळं लिवते. मंग दोन्ही जुळायची गरज नाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आजांकडे. त्यांनी कागद टेबलावरून सरकवला आणि शिक्का पुन्हा शाईच्या गादीवर टेकवला. "लिही," ते म्हणाले. "तेवढं झालं की शिक्का मारतो आणि घरी न्या तिला."

हंसानं मिस्त्रींच्या सहीखाली पट्टी ठेवून एक रेघ ओढली. रेघेखाली लिहिलं, 'घरात ऐकलेलं'. मग ती आजांच्या बाजूला सरकली.

"आजा, तुला ही गोष्ट कोणी सांगितली?"

आजांनी कॅलेंडरवरची नजर काढली. "माझ्या बानं."

तिनं ते लिहिलं. "आन् त्याला?"

हे आजांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, जुनी माणसं एकेक करून आठवताना हलतात तसे. हंसानं त्यांना घाई केली नाही, काही सुचवलंही नाही. पेन कागदापासून बोटभर वर धरून ती त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली.